डिस्क बिघडली की केबल?

पुण्याला नदी ओलांडून पलीकडे गेले की येरवडा लागते. येरवडा म्हटले की आपल्याला आधी तुरुंग आठवतो. गांधीजींना तिथे ठेवले होते, हे आपण ऐकलेले असते. पण याच येरवड्यात डेक्कन कॉलेज नावाची एक जुनी विद्यासंस्था आहे. तिथे १९४८ साली एक फार मोठे काम सुरू झाले. संस्कृत भाषेचा कोश करायचा. कोणता शब्द कोणत्या ग्रंथात आला, कोणत्या अर्थाने आला, ते एकेका चिठ्ठीवर टिपून ठेवायचे. पंडितांनी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचले. चिठ्ठ्या झाल्या जवळजवळ एक कोटी! त्या खणांतून नीट लावून ठेवल्या. कोशाचा पहिला भाग छापून निघायला १९७६ साल उजाडले. काम अजून चालू आहे.

आता विचार करा. चिठ्ठी खणात आहे आणि पंडित टेबलापाशी बसले आहेत. चिठ्ठी टेबलावर आणायला मध्ये एक गडी लागतो. गडी धांदरट निघाला, चिठ्ठ्या वाटेत सांडू लागला, तर पंडितांना काय वाटेल? वाटेल की खणातल्या चिठ्ठ्याच खराब झाल्या. खण तर शाबूत आहे. दोष आहे गड्याचा.

संगणकात असेच असते. त्याच्या पेटीत एक मोठी हिरवी किंवा काळी पाटी असते. तिला मदरबोर्ड म्हणतात. सगळे काम तिच्यावर चालते. हे झाले पंडितांचे टेबल. माहिती साठवून ठेवायची ती हार्ड डिस्क, म्हणजे खण. आणि या दोघांच्या मध्ये एक केबल असते. ती केबल म्हणजे गडी. डिस्क महाग, केबल स्वस्त. म्हणून केबलकडे कोणी बघत नाही. बिघाड झाला की सगळे डिस्कला नाव ठेवतात.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. शिरूर तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. येरवड्यात त्यांचा भाचा संगणक दुरुस्त करतो. म्हणून आपणही त्यांना मामाच म्हणू.

मामांच्या संस्थेत दीडशे जण दूध घालतात. दर दहा दिवसांनी बिल होते. कोणाचे दूध किती, फॅट किती लागली, कोणी उचल घेतली, पशुखाद्याचे पैसे कोणाचे कापायचे, हे सगळे संगणकात. पूर्वी मामा जाड वहीत लिहीत. संगणक आल्यावर दोन वर्षांनी त्यांनी वही बंद केली. तिथेच चुकले, हे ते स्वतःच सांगतात.

एके दिवशी संगणक फार हळू चालू लागला. बटण दाबले की चहा पिऊन यावे, तरी चालू झालेला नसे. मग एके सकाळी पडद्यावर अक्षरे आली, की डिस्क सापडत नाही. दुपारी सापडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवली. तालुक्याचा एक दुरुस्तीवाला आला. त्याने पेटी न उघडताच सांगितले, "डिस्क गेली. नवीन घाला. जुना हिशेब मिळायचा नाही."

बिलाला तीन दिवस राहिले होते. मामांच्या पोटात गोळा आला. हिशेब गेला तर कोणाला किती द्यायचे? ज्याने उचल घेतली तो गप्प बसेल. ज्याचे येणे आहे तो भांडेल. आणि जी बाई दोन लिटर दूध घालून घर चालवते, तिने कोणाकडे बघायचे?

संस्थेतला एक मुलगा म्हणाला, "वायर बदलून बघा की." मामा बाजारात गेले. दुकानदाराला नुसते म्हणाले, "हार्ड डिस्कची वायर द्या." दुकानदाराने विचारले, "कुठली?" मामांना सांगता येईना. त्याने तीन प्रकार पुढे टाकले. मामांनी तिन्ही घेतले, संगणकाची पेटी गोणपाटात बांधली, एस्टीत टाकली आणि नगर रस्त्याने येरवडा गाठले.

भाच्याने पेटी टेबलावर ठेवली. विजेची वायर आधीच काढलेली होती, ती खात्रीने बघितली. मग पेटीच्या पत्र्याला हात लावला.

"पाया पडतोस काय रे?" मामांनी विचारले.

"नाही मामा. आपल्या अंगात थोडी वीज साठलेली असते. थंडीत स्वेटर काढताना चटचट वाजते ना, ती. आतल्या नाजूक भागांना तेवढीसुद्धा बाधते. पत्र्याला हात लावला की ती उतरून जाते."

पेटीचे दार काढले. आत धूळ होती. भाच्याने ब्रशने झाडली. मग त्याने बोट दाखवले. "हे बघा तुमचं दुखणं."

डिस्कला जोडलेली लाल केबल दाराच्या पत्र्याने दाबली गेली होती. जिथे ती तोंडातून बाहेर येते, तिथेच अगदी मोडल्यासारखी दुमडली होती. तोंडही सैल होते. बोट लावले की हलत होते.

"मग माझ्याजवळची लाव की," म्हणून मामांनी पिशवी उपडी केली.

आता या तीन वायरींची गोष्ट ऐका. दुकानात गेल्यावर तुमचीही अशीच फसगत होऊ नये.

पहिली होती एक रुंद, चपटी, राखाडी पट्टी. मामांना तीच सगळ्यांत आवडली होती. रुंद म्हणजे मजबूत, असा त्यांचा हिशेब. भाचा हसला. ही जुन्या काळची केबल. तिच्या तोंडाला ४० भोके असतात. २००३ साली नवी पद्धत बाजारात आली. तोपर्यंत घरोघरच्या संगणकात हीच पट्टी असे. तिच्या एका कडेला रंगाची रेघ असते, बहुतेक लाल. ती रेघ पहिल्या नंबरच्या पिनेकडे ठेवायची. या पट्टीतही दोन जाती आहेत. एकीत ४० तारा, दुसरीत ८० तारा. तोंड मात्र दोघींचे सारखेच, ४० भोकांचे.

"भोकं चाळीस आणि तारा ऐंशी? मग उरलेल्या चाळीस कशाला?" मामांनी बरोबर प्रश्न विचारला.

दोन वाफ्यांच्या मध्ये बांध नसला तर एकाचे पाणी दुसऱ्यात शिरते. तारांचेही तसेच. दोन तारा अगदी लागून असल्या आणि त्यांतून माहिती फार वेगाने धावू लागली, की एकीतली खूण दुसरीत उमटते. म्हणून दर दोन तारांच्या मध्ये एक रिकामी तार घातली. ती बांधाचे काम करते. वेगवान जुन्या डिस्कला ८० तारांचीच पट्टी लागते. तिची तोंडे रंगीत असतात. निळे तोंड मदरबोर्डला, टोकाचे काळे तोंड पहिल्या डिस्कला, मधले राखाडी दुसरीला. पट्टीची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे.

पण मामांच्या संगणकाला या पट्टीचा काही उपयोग नव्हता. तिथे भोकेच नव्हती. भाच्याने ती बाजूला ठेवली. दुकानात एका वकिलांचा जुना संगणक दुरुस्तीला आला होता. "त्याला चालेल," म्हणाला. मामांचे पैसे निदान वाया गेले नाहीत.

दुसरी होती अरुंद, चपटी, लांबलचक केबल. हिला साटा केबल म्हणतात. आज घरच्या किंवा संस्थेच्या संगणकात केबलची डिस्क असेल, तर बहुतेक हीच लागते. तिच्या तोंडात फक्त ७ पट्ट्या असतात. चारांतून माहिती जाते: एक जोडी जायची, एक जोडी यायची. बाकीच्या तीन बांधासारख्या. तोंडाच्या आत कोपऱ्यात एक वळण असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नये. फिरवून बघावे. जोर केला की डिस्कवरची प्लॅस्टिकची जीभ तुटते, आणि मग खरोखरच डिस्क दुरुस्तीला जाते.

"म्हणजे ही बरोबर आहे!" मामा खूश झाले.

"जात बरोबर आहे मामा. पण ही एक मीटर आहे."

साटा केबल एक मीटरपर्यंतच चालते. त्याहून लांब असू नये, असे ही पद्धत ठरवणाऱ्यांनीच सांगितले आहे. पाटाचे पाणी जितके लांब न्यावे तितके मुरते. तारेतली खूणही लांब जाताना क्षीण होते. मामांची केबल नियमात बसत होती. पण पेटीत डिस्क होती दीड वितीवर. उरलेली केबल कुठे ठेवायची? ती पंख्यात अडकते. नाहीतर कोणी तिची घडी घालून, गाठ मारून कोंबतो. आणि मोडून दुमडलेली केबल हेच तर मामांचे मूळ दुखणे होते.

मग लांबी कशी ठरवावी? भाच्याने सुतळी घेतली. मदरबोर्डवरच्या तोंडापासून निघून, पेटीच्या कडेकडेने, पंख्याला वळसा घालून डिस्कपर्यंत नेली. सरळ आकाशमार्गाने नाही. केबल जशी जाणार तशी. मग चार बोटे जास्त धरली. माप भरले एक फूट आणि वर थोडे. त्याने ४५ सेंटिमीटरची केबल काढली. सुतळीचे माप खिशात घेऊन दुकानात गेलात, तर कोणी तुम्हाला फसवू शकणार नाही.

मामांच्या केबलला आणखी एक उणीव होती. तिच्या तोंडाला खटका नव्हता. चांगल्या साटा केबलच्या तोंडावर पत्र्याची एक छोटी पट्टी असते. केबल बसली की ती "टक्" करून अडकते. पेटी हलली, एस्टीत आदळली, तरी केबल सुटत नाही. काढताना आधी ती पट्टी दाबायची आणि तोंड धरून ओढायचे. तार धरून ओढायचे नाही. बैलाला शेपटीला धरून गोठ्यातून बाहेर काढत नाहीत, तसेच हे. आणि ही तोंडे रोज काढ-घाल करण्यासाठी बनवलेली नसतात. उगीच कौतुकाने काढून दाखवू नयेत.

केबलचे तोंड सरळ असते किंवा कोपरासारखे वळलेले असते. पेटीचे दार डिस्कच्या अगदी जवळ येत असेल, तर कोपराचे तोंड घ्यावे. मामांच्या पेटीत सरळ तोंड पुढे आले होते, म्हणूनच दाराने केबल दाबली. पण कोपर घेताना बघायचे की तो कोणत्या बाजूला वळतो. काही वर वळतात, काही खाली. मदरबोर्डवर दोन तोंडे शेजारी-शेजारी असली, तर कोपर शेजाऱ्याची वाट अडवतो. म्हणून बहुधा डिस्कच्या बाजूला कोपर आणि मदरबोर्डच्या बाजूला सरळ, अशी केबल सोयीची पडते.

"आणि रंग? दुकानदार म्हणाला, काळी जलद चालते."

रंगाला काही अर्थ नाही. लाल, काळी, पिवळी, निळी सगळी सारखीच. जुन्या पट्टीच्या तोंडाला रंग होते आणि त्यांना अर्थ होता. इथे नाही. दोन-तीन डिस्क असतील तर वेगवेगळे रंग घ्या, म्हणजे कोणती कोणाची ते कळेल. एवढाच उपयोग.

दुकानदार आणखी एक सांगतात: "ही सहाची आहे, ही तीनची. सहाची महाग." त्यातले खरे काय ते समजून घ्या. साटाचे तीन वेग झाले. पहिला दीड गिगाबिट, मग तीन, आणि २००९ साली सहा. पण केबल तिन्हींना एकच. नीट बनवलेली कोणतीही साटा केबल तिन्ही वेगांना चालते. तिच्यावर "सहा" छापले म्हणून ती जास्त धावत नाही. सहाच्या वेगात दर सेकंदाला फार तर ६०० मेगाबाइट माहिती जाते. मामांच्या संगणकात होती तसली फिरत्या तबकडीची डिस्क २५० च्या आसपास पोहोचली तरी खूप. रस्ता रुंद आहे, बैलगाडी आपल्याच चालीने जाणार. म्हणून जादा पैसे छापील आकड्याला देऊ नका. द्यायचे तर खटक्याला द्या, घट्ट बसणाऱ्या तोंडाला द्या.

आता तिसरी वस्तू. ती बघून मात्र भाच्याचे हसू गेले.

डिस्कला दोन शेपट्या असतात. एक माहितीची, तिच्याबद्दल आपण बोललो. दुसरी विजेची. ती जास्त रुंद असते, तिच्या तोंडात १५ पट्ट्या असतात. मामांनी आणलेली तिसरी वस्तू विजेची होती. एका टोकाला जुन्या पद्धतीचे चार पिनांचे तोंड, दुसऱ्या टोकाला नवे रुंद तोंड. जुनी वीजपेटी नव्या डिस्कला जोडायची सोय. पण तिचे नवे तोंड प्लॅस्टिक वितळवून ओतलेले होते. आत तारा कशा बसल्या आहेत ते दिसत नाही. अशा ओतीव तोंडात तारा एकमेकींच्या फार जवळ आल्या की ठिणगी पडते. तोंड वितळते, कधी आग लागते. असे घडलेले आहे. अशी वस्तू लागलीच तर जिच्या तोंडात तारा एकेक वेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात, ती घ्यावी.

याहून मोठा धोका आणखी एक आहे. काही वीजपेट्यांच्या तारा दोन्ही टोकांना सुटणाऱ्या असतात. एका कंपनीच्या पेटीची तार दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसते, पण आतली जुळणी वेगळी असू शकते. जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ व्होल्ट जातात. क्षणात डिस्क जळते. माहितीची केबल कोणत्याही कंपनीची चालते. विजेची तार ज्या पेटीची, त्याच पेटीची. हे मी दोनदा लिहीन: विजेची तार ज्या पेटीची, त्याच पेटीची!

भाच्याने नवी केबल लावली. खटका वाजला. दार लावून बघितले, केबल दबत नव्हती. संगणक चालू केला. पडद्यावर डिस्क आली, हिशेब आला. मामा लगेच बिल काढायला बसणार होते. भाच्याने त्यांचा हात धरला. आधी सगळा हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला. मगच तो पुढच्या तपासाला लागला.

तो तपास फार मजेचा आहे. प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवते. ती वाचायचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात नंबरवार ओळी असतात. १९९ नंबरची ओळ बहुधा केबलची असते. भाच्याने मामांना ती दाखवली. तिथे आकडा होता १८४६.

"हे काय अठराशे?"

"मामा, टँकरमध्ये दूध भरताना तुम्ही चिठ्ठी देता ना, एवढे कॅन, एवढे लिटर? डेअरीत ते पुन्हा मोजतात. जुळलं नाही तर काय होतं?"

"बोंबाबोंब होते."

"इथे माहितीची प्रत्येक खेप निघते तेव्हा तिच्याबरोबर अशीच बेरजेची चिठ्ठी जाते. पलीकडे पोचल्यावर बेरीज पुन्हा करतात. जुळली नाही तर खेप परत मागवतात आणि इथे एक आकडा वाढतो. तुमची खेप १८४६ वेळा वाटेत सांडली. म्हणून तर संगणक हळू झाला. एकच दूध दोन-दोनदा वाहत होता बिचारा."

मग त्याने ५ आणि १९७ या नंबरांच्या ओळी दाखवल्या. त्या डिस्कच्या स्वतःच्या दुखण्याच्या. डिस्कचे काही भाग झिजले, वाचता येईनासे झाले, तर तिथे आकडे चढतात. मामांच्या डिस्कवर दोन्हीकडे शून्य होते. म्हणजे खण धडधाकट, गडी धांदरट. तेच उलट असते, १९९ ला शून्य आणि ५ किंवा १९७ चढत चाललेले, तर केबल बदलून काही झाले नसते. तेव्हा नवी डिस्क आणणेच शहाणपणाचे.

एक लक्षात ठेवायचे. १९९ चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही. ती जुनी नोंद आहे, ती तशीच राहते. बघायचे एवढेच, की तो पुढे वाढतो का.

निघताना मामांनी विचारले, "नव्या संगणकालाही हेच सगळं?" सगळे नाही. आता पुष्कळ नव्या संगणकांत माहिती साठवायची एक बारीक पट्टी येते. ती च्युइंगमच्या पाकिटाएवढी असते आणि थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसवून एका स्क्रूने आवळतात. तिला एम-डॉट-टू म्हणतात. तिला केबलच नाही. पंडितांच्या टेबलालाच खण केला, असे समजा. त्यातही जाती आहेत, म्हणून घेताना मदरबोर्डची पुस्तिका बघून घ्यावी. आणि मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या डिस्क कधी कधी स्वस्तात विकायला येतात. त्यांतल्या काही सॅस नावाच्या जातीच्या असतात. दिसायला साटासारख्याच. पण साटामध्ये दोन तोंडांच्या मध्ये फट असते, सॅसमध्ये ती भरलेली असते. आपली केबल तिथे बसत नाही. स्वस्त म्हणून घेऊन येऊ नये.

मामांनी ४५ सेंटिमीटरच्या दोन केबली घेतल्या, एक लावलेली आणि एक जवळ ठेवायला. बिल वेळेवर निघाले. जाड वही पुन्हा सुरू झाली नाही, पण दर शनिवारी हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरतो आणि ती डिस्क संस्थेत नाही, मामांच्या घरी कपाटात असते.

महिन्याने भाच्याने फोन केला. "मामा, १९९ ची ओळ वाचा बरं."

मामांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. "एक, आठ, चार, सहा."

"तेवढाच?"

"तेवढाच रे बाबा. एकसुद्धा कॅन सांडला नाही."